वाळूचा मारा आणि रोमन फिनिश : १९०८ ते १९१५ ची अमेरिकन प्रूफ सुवर्णनाणी

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९०८ ते १९१५ या आठ वर्षांत पाडलेली सोन्याची प्रूफ नाणी, म्हणजे चलनासाठी नव्हे तर संग्राहकांसाठी खास काळजीने पाडलेली नाणी, आज क्वचितच लिलावात येतात, आणि आली की बोली भराभर चढते. वीस डॉलरचं डबल ईगल १९१३ मध्ये फक्त ५८ पाडलं गेलं, १९१५ मध्ये ५०. टांकसाळीने हे आकडे मुद्दाम कमी ठेवले नव्हते. सोन्याच्या चारही नाण्यांचा संच दर्शनी किमतीनेच साडेसदतीस डॉलरचा, म्हणजे तेव्हा ती मोठी रक्कम होतीच. पण मुख्य अडचण वेगळी होती. ज्यांच्यासाठी ही नाणी पाडली, त्यांनाच ती आवडली नाहीत.

जुन्या प्रूफ नाण्यांची पार्श्वभूमी आरशासारखी लखलखीत असे. मुंबई टांकसाळीचे प्रूफ संच पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्वतः लक्ष घालून एका नामवंत शिल्पकाराकडून दहा आणि वीस डॉलरच्या नाण्यांचं रूप बदलून घेतलं. नाणी चलनात येण्याआधीच तो शिल्पकार वारला. पुढच्या वर्षी बोस्टनच्या दुसऱ्या शिल्पकाराने अडीच आणि पाच डॉलरच्या नाण्यांवरची आकृती चक्क पृष्ठभागाच्या खाली कोरली. त्यावर फिलाडेल्फियातल्या एका नाणेव्यापाऱ्याने थेट राष्ट्राध्यक्षांना लिहिलं, की खोलगट भागात मळ साचेल आणि रोग पसरतील.

खरी पंचाईत टांकसाळीच्या आत झाली. जुन्या ठशांचा, म्हणजे नाणं पाडायच्या साच्यांचा, मोकळा भाग एकसारख्या वळणाचा असे, त्यामुळे तो घासून आरसा करता येई. नव्या ठशांवर तो एकसारखेपणा नव्हताच. शिल्पकाराच्या मोठ्या नमुन्यावरून यंत्राने लहान केलेला तो पृष्ठभाग उंचसखल होता आणि घासायला जावं तर बारकावेच पुसले जात. मग १९०८ मध्ये पॅरिसच्या पदकांची तेव्हाची रीत उचलली गेली. जोरदार दाबाखाली नाणं पाडायचं आणि नंतर त्यावर बारीक वाळूचा मारा करायचा. हाती येई ते गडद, खाकीकडे झुकणारं, अजिबात न चमकणारं नाणं. आरशाला सरावलेल्या ग्राहकांनी नाकं मुरडली.

तक्रारी आल्यावर १९०९ मध्ये टांकसाळीने वाळू बाजूला ठेवली. ठशातून निघालेलं नाणं तसंच, काहीही न करता द्यायचं ठरलं. हेच पुढे रोमन फिनिश किंवा साटिन म्हणून ओळखलं गेलं. माझ्या मते या आठ वर्षांतला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता. धातूचा मूळ पिवळा उजेड त्यात टिकतो आणि नाण्यावरच्या गरुडाच्या पिसांची एकेक रेघ मोकळी दिसते. वाळूच्या माऱ्याने तीच रेघ थोडी बोथट होते. पण संग्राहकांचं म्हणणं असं, की हे तर बाजारातल्या साध्या नाण्यासारखंच दिसतं, मग जास्त पैसे कशाचे? संग्राहकांच्या संघटनेतूनही नाराजीचा सूर लागला. दोनच वर्षांत टांकसाळ नमली आणि १९११ पासून वाळू परत आली. आरसा परत मिळणार नव्हता, तो मागणाऱ्यांनी हातचं साटिनही घालवलं.

१९१० च्या अडीच डॉलरच्या नाण्याचं कोडं याच दोन वर्षांतलं. प्रूफ म्हणून नोंद आहे ६८२ ची, म्हणजे आसपासच्या कुठल्याही वर्षापेक्षा कितीतरी जास्त. आज मात्र त्या संख्येच्या जवळपासही नाणी सापडत नाहीत. न खपलेली नाणी वितळवली गेली असावीत, हेच पटतं.

१९१५ नंतर सोन्याची प्रूफ नाणी बंद झाली. १९३६ मध्ये चांदीची आणि इतर प्रूफ नाणी पुन्हा निघाली, पण तोवर सोनं चलनातूनच गेलं होतं. १९३३ च्या आदेशाने नागरिकांना सोनं सरकारजमा करावं लागलं. त्या आदेशात दुर्मीळ नाण्यांना सूट होती, म्हणून ही नाणी भट्टीत जाण्यापासून वाचली. सोनं बाळगण्यावरचे निर्बंध १९७४ च्या शेवटच्या दिवशी उठले आणि बाजाराने जोर धरला. १९८४ च्या ऑलिंपिकसाठी सोन्याचं प्रूफ नाणं पुन्हा आलं, तेही आरशासारखंच.

आजच्या किमतींमागे मात्र सगळ्यात मोठा हात आहे तो १९८६ नंतर रूढ झालेल्या दर्जा-प्रमाणपत्रांचा आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करण्याच्या पद्धतीचा. वाळू मारलेला पृष्ठभाग फार नाजूक असतो. रुमालाने एकदा पुसलं, तरी उंचवट्यावर कायमचा चकचकीत ठिपका उमटतो. कितीतरी नाणी अशी मालकांच्या हौसेपायीच खराब झाली. जी निर्मळ राहिली, त्यांवर भिंग धरून नाणं हळूहळू फिरवलं, की सूक्ष्म कण एकेक करून लुकलुकतात. साध्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा गोल फिरतो, तो इथे दिसत नाही.

१९०९ आणि १९१० च्या नाण्यांची पारख याहून अवघड. तिथे वाळूची खूण नाही, त्यामुळे कडेची धारदार चौकोनी उठावणी आणि अक्षरांच्या कडा यांवरच भिस्त ठेवावी लागते. त्या वर्षांतलं एखादं नीट उठलेलं साधं नाणं अनुभवी डोळ्यालाही चकवू शकतं, म्हणून या दोन सालांचं नाणं प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये.