रामटेकचं वानर माणूस का होत नाही?

"माणूस माकडापासून झाला, तर रामटेकच्या गडावरची वानरं अजून वानरंच कशी?" नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा प्रश्न अधूनमधून फिरतोच, सोबत वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची ती रांग. प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याचा पायाच कच्चा आहे.

ते वानर आपला पूर्वज नाही, फार लांबचं चुलत आहे. दोघांच्या वाटा अडीच कोटी वर्षांपूर्वीच फुटल्या होत्या. चिंपांझी जवळचा, पण त्याचा नि आपला समान पूर्वजही साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो स्वतः चिंपांझी नव्हता.

रांगेचं चित्र तर आणखी फसवं. त्यात कंबर, मेंदू, हत्यार सगळं जोडीनं सुधारत जातं. प्रत्यक्षात आधी चाल बदलली. टांझानियात लेटोली इथे ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेली ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं बघा: टाच रुतलेली, अंगठा बाकी बोटांच्या ओळीत, फांदी धरायला बाजूला वळलेला नाही. १९७४ साली इथिओपियात जिचा जीवाश्म सांगाडा सापडला, ती मानवकुळातली प्राचीन मादी 'ल्यूसी'ही दोन पायांवर चालायची. मेंदू मात्र जवळपास चिंपांझीएवढाच.

आणि रांग तरी कसली? ६० हजार वर्षांपूर्वी आपण, निअँडरथल (आपल्या जवळची, आता नामशेष झालेली मानवजात) आणि इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचे जेमतेम साडेतीन फुटी मानव एकाच काळात नांदत होते. निअँडरथलांशी तर सोयरीकही जुळली. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत, म्हणजे सीताबर्डीच्या गर्दीतही, त्यांचा १ ते २ टक्के डीएनए आहे.