पार्श्वभूमी : वॅट मिसाकाचे तीन सामने

जपानी वंशाचा अमेरिकन वॅट मिसाका नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्क निक्स या बास्केटबॉल संघाकडून तीन सामने खेळला, एकूण सात गुण केले आणि हंगाम रंगात यायच्या आतच त्याला नारळ मिळाला. एवढीच व्यावसायिक कारकीर्द. पण ‘एनबीए’ या अमेरिकी व्यावसायिक लीगमधला पहिला गोरेतर खेळाडू कोण, हा विषय निघाला की त्याच्या नावाशी गाडी अडतेच.

कारण तेव्हा एनबीए नव्हतीच. तो खेळला ती १९४६ मध्ये सुरू झालेली ‘बीएए’ ही लीग. १९४९ मध्ये ती आणि तिच्याहून जुनी ‘एनबीएल’ एकत्र झाल्या आणि एनबीए हे नाव आलं. कारभाऱ्यांनी जन्मसाल मात्र १९४६ धरलं. म्हणजे बीएएचे हंगाम इतिहासात जमा, एनबीएलचे वजा. हा निव्वळ कारकुनी निर्णय म्हणून सोडून देता येत नाही. एनबीएलच्या दोन संघांतून १९४२-४३ मध्येच कृष्णवर्णीय खेळाडू खेळले होते. ते या हिशेबात कुठेच नाहीत. मिसाका बसतो. आणि १९५० मध्ये आलेले तीन कृष्णवर्णीय खेळाडू ‘वर्णभेद मोडणारे पहिले’ ठरतात. त्यांचं श्रेय कमी होत नाही, पण वारसा सांगायचा तर दोन्ही घराण्यांचा सांगायला हवा होता. इथे सोयीचा तेवढा उचलला.

मिसाका युटा राज्यातल्या ऑग्डनचा. वडिलांचं केशकर्तनालय होतं आणि त्याच्याच तळघरात कुटुंब राहायचं. युद्धकाळातल्या १९४२ च्या सरकारी आदेशानंतर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आलं. युटा त्या पट्ट्याबाहेर, म्हणून मिसाका कुटुंब वाचलं. पण टोपाझची छावणी युटातच होती. तिथे हजारो लोक काटेरी तारांआड असताना हा राज्याच्या विद्यापीठाकडून खेळत होता. १९४४ चं राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद त्याच्या संघाने जादा वेळेत ४२-४० असं जिंकलं. मग सैन्यभरती, आणि अणुबॉम्बनंतरच्या हिरोशिमात वाचलेल्यांच्या जबान्या घेण्याचं काम.

परतल्यावर १९४७ च्या एनआयटी या महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात साडेपाच फुटांहून जेमतेम उंच असलेल्या या गार्डने, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूने, केंटकी विद्यापीठाच्या नावाजलेल्या खेळाडूला एका गुणावर रोखलं. मैदान न्यूयॉर्कचंच, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. निक्सची निवड त्यानंतरची.

काढलं ते वंशामुळे का? संघात गार्ड जास्त झाले होते, असं तो स्वतः म्हणे, आणि सहकाऱ्यांबद्दल त्याची तक्रार नव्हती. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाचा प्रस्ताव नाकारून त्याने अभियांत्रिकीची पदवी पुरी केली आणि पुढे इंजिनियर म्हणूनच नोकरी केली.

फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच निक्समध्ये तैवानी वंशाचा एक गार्ड एकाएकी चमकला, तेव्हा पत्रकारांना ८८ वर्षांच्या मिसाकाची आठवण झाली. २०१९ मध्ये त्याचं निधन झालं.