पार्श्वभूमी : खिशातला हेडफोन अ‍ॅम्प आणि ‘बॅलन्स्ड’ या शब्दाचा गुंता

खिशात मावणाऱ्या, हेडफोनचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पच्या तुलना वाचताना एक वाक्य हटकून भेटतं : ‘बॅलन्स्ड आउटपुटवर आवाज मोकळा होतो, वाद्यं सुटी ऐकू येतात.’ लिहिणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं ऐकू आलेलं असतं. पण बहुतेक वेळा त्याने 3.5 मिमीच्या जॅकमधून प्लग काढून त्याच अ‍ॅम्पच्या 4.4 मिमीच्या ‘बॅलन्स्ड’ जॅकमध्ये घातलेला असतो आणि व्हॉल्यूमला हात लावलेला नसतो. तेवढ्याने पातळी साधारण 6 डेसिबलने चढते. मोठा आवाज आणि चांगला आवाज यांची ही गल्लत आजची नाही. खिशातले अ‍ॅम्प निघाले तेच मुळी आवाज कमी पडतो म्हणून.

वॉकमन 1979 मध्ये आला, सीडी वाजवणारं त्याचं भावंड 1984 मध्ये. दोन्हींसोबत हलके, कमी ओहमचे (म्हणजे विजेला कमी विरोध करणारे) हेडफोन मिळत आणि त्यांच्यासाठी सेलची ताकद पुरत असे. अडचण सुरू झाली ती घरातले 300 किंवा 600 ओहमचे हेडफोन लोक या डब्यांना जोडू लागले तेव्हा. अशा हेडफोनला करंट थोडा लागतो, पण व्होल्टेज भरपूर लागतं आणि सेलवरच्या प्लेअरकडे नेमकं तेच नसतं.

त्यात युरोपातल्या नियमांची भर पडली. फ्रान्सने 1996 मध्ये कायद्याने प्लेअरच्या आवाजावर 100 डेसिबलची मर्यादा घातली. पुढे 2000 आणि 2003 मध्ये त्याच धर्तीवर युरोपीय मानकं आली. हेडफोनशिवाय विकल्या जाणाऱ्या प्लेअरसाठी 150 मिलिव्होल्टची मर्यादा ठरली. कान वाचवण्याचा हेतू रास्तच होता. पण 97 डेसिबल प्रति मिलिवॉट संवेदनशीलतेच्या 300 ओहमच्या हेडफोनवर 150 मिलिव्होल्टला जेमतेम 86 डेसिबल मिळतात. हळू पातळीवर ध्वनिमुद्रित केलेलं संगीत ऐकणाऱ्याला हे अपुरं पडणारच. वेगळा अ‍ॅम्प ही काही लोकांची खरोखरची गरज होती, हे आजच्या चर्चेत विसरलं जातं.

मला सर्वांत जवळचा काळ 1990 च्या दशकाच्या अखेरीचा आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांचा. तेव्हा एका हौशी माणसाने पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत मावेल असा अ‍ॅम्प रचून त्याचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. 9 व्होल्टची एक बॅटरी, दोन समान रेझिस्टर वापरून तिच्या मधोमध काढलेलं आभासी ग्राउंड (सिग्नलचा शून्य बिंदू), सिग्नल वाढवणारी आठ पायांची चिप म्हणजे दुहेरी ऑप-अ‍ॅम्प, मोजके कपॅसिटर आणि आवाज कमी-जास्त करणारा एक व्हॉल्यूम पॉट. जगभर कितीतरी लोकांनी आयुष्यातलं पहिलं सोल्डरिंग याच डबीवर केलं. मीही त्यातलाच. झाकण लावताना बोर्डाचा खालचा टाका पत्र्याला टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून तळाशी पुठ्ठा घालायचा, हे पहिली बॅटरी तापल्यावर शिकलो.

या डबीने तुलनेची एक सवय लावली, चांगली आणि वाईट दोन्ही. ऑप-अ‍ॅम्प सॉकेटमध्ये बसवलेला असल्याने तो उपटून दुसरा घालता येई. मग कुठला ‘गोड’, कुठला ‘कोरडा’ यावर रात्री सरत. खरा दोष मात्र दुसरीकडे होता. मूळ सर्किटचा गेन 11 होता, म्हणजे सिग्नल 11 पट वाढे, जवळपास 21 डेसिबल. संवेदनशील हेडफोन लावला की पॉट तळाशीच ठेवावा लागे आणि स्वस्त दुहेरी पॉटच्या तळाला डावी-उजवी बाजू सारखी नसते. गायक एका कानाकडे सरकलेला ऐकू येई आणि दोष ऑप-अ‍ॅम्पच्या माथी जाई. फीडबॅकचा एक रेझिस्टर बदलून गेन 3 वर आणला की निम्म्या तक्रारी मिटत. पैशाच्या हिशेबाने त्या काळातली ही सर्वांत फायद्याची सुधारणा, पण तिच्याबद्दल लिहिलं गेलं सर्वांत कमी.

मग आयपॉडच्या तळाच्या कनेक्टरमधून थेट लाइन-आउट (व्हॉल्यूमच्या आधीचा सिग्नल) काढायची टूम आली. प्लेअर आणि अ‍ॅम्प एकमेकांवर ठेवून रबर बँडने बांधायचे, मध्ये बोटभर केबल. त्या केबलच्या तारेवरून झालेले वाद मी इथे उकरत नाही.

2011 मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने दोन 9 व्होल्ट बॅटऱ्यांवर चालणारा अ‍ॅम्प सर्किट आणि मोजमापांसह खुला केला. त्याचं आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आउटपुटचा स्वतःचा अंतर्गत विरोध, सुमारे अर्धा ओहम होतं. त्याआधी 1996 च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोन आउटपुटसाठी 120 ओहम सुचवलेले होते, त्यामुळे अनेक ओहमचे आउटपुट सर्रास चालवून घेतले जात. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावं, हा आडाखा या माणसाच्या लिखाणामुळे सर्वतोमुखी झाला. 2012 मध्ये तो लिहायचा थांबला. पण अ‍ॅम्प विकणाऱ्याने मोजमाप दाखवावं ही अपेक्षा तेव्हापासून टिकली, आणि माझ्या मते या क्षेत्रात घडलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

2016 मध्ये एका मोठ्या फोन कंपनीने जॅक काढून टाकला, बाकीच्यांनी हळूहळू तोच मार्ग धरला आणि अ‍ॅम्प एका बोटाएवढ्या डोंगलमध्ये जाऊन बसला. डॅक (डिजिटल आकड्यांचा विद्युत सिग्नल करणारा भाग) आणि अ‍ॅम्प एकाच चिपमध्ये, वीज फोनच्या यूएसबीमधून. साध्यातल्या साध्या डोंगलमध्येही आउटपुट इम्पिडन्स आणि सिग्नलची विकृती इतकी खाली गेली की ‘स्वच्छ आवाज’ हा विकण्याचा मुद्दाच उरला नाही. विकायला नवं काहीतरी हवं होतं. तिथे ‘बॅलन्स्ड’ उपयोगी आला.

हा शब्द मूळचा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतला. मायक्रोफोनचा मिलिव्होल्टमधला सिग्नल लांब केबलमधून न्यायचा असतो. त्यासाठी दोन तारांचं ग्राउंडच्या तुलनेतलं इम्पिडन्स सारखं ठेवतात, म्हणजे वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि पलीकडचं इनपुट फक्त दोहोंतला फरक घेऊन तो गोंगाट टाकून देतं. ‘बॅलन्स’ असतो तो इम्पिडन्सचा. हेडफोनमध्ये यातलं काहीच लागू नाही. केबल हातभर-दोन हात, सिग्नल मिलिव्होल्टहून कितीतरी मोठा, लोड काही दहा-शंभर ओहमचा. हेडफोनमध्ये आवाज काढणाऱ्या कॉइलला दोनच टोकं असतात आणि साध्या जॅकवरही ती दोन टोकांमधल्या फरकावरच हलते.

हेडफोन अ‍ॅम्पमध्ये ‘बॅलन्स्ड’ म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक बाजूला दोन अ‍ॅम्प. एक कॉइलचं एक टोक वर ढकलतो, दुसरा दुसरं टोक खाली ओढतो. गाडीतल्या स्टिरिओत बारा-चौदा व्होल्टमध्ये स्पीकर हलवायला हीच युक्ती कित्येक वर्षं वापरात आहे. तिथे तिला सरळ ‘ब्रिज’ म्हणतात. इथेही तेच नाव रुळलं असतं तर अर्धा गोंधळ झालाच नसता. ‘ब्रिज्ड’ म्हटल्यावर ऐकणारा विचारतो, किती व्होल्ट वाढले? ‘बॅलन्स्ड’ म्हटल्यावर त्याला वाटतं, आवाजाचा तोल सुधारला.

या रचनेने काय मिळतं आणि काय जातं ते मोजता येतं. व्होल्टेज दुप्पट : डोंगलमध्ये साध्या जॅकला 2 आणि बॅलन्स्डला 4 व्होल्ट हे आकडे वारंवार दिसतात. आउटपुट इम्पिडन्सही दुप्पट. दोन अ‍ॅम्पचा गोंगाट मिळून सुमारे 3 डेसिबल वाढतो, म्हणून अतिसंवेदनशील इअरफोनवर कधीकधी साध्या जॅकपेक्षा बॅलन्स्डलाच जास्त हिस येतो. ‘चौपट ताकद’ ही जाहिरात कमी ओहमवर बहुधा खरी ठरत नाही, कारण 32 ओहमचा हेडफोन ब्रिजमधल्या प्रत्येक अ‍ॅम्पला 16 ओहमसारखा दिसतो आणि करंट आधीच संपतो.

उरतो डाव्या-उजव्याच्या विलगतेचा मुद्दा. साध्या प्लगमध्ये दोन्ही बाजूंची परतीची तार एकच असते. तिचा रोध 0.1 ओहम धरला तर 32 ओहमच्या हेडफोनवर एका बाजूचा सिग्नल दुसरीकडे सुमारे 50 डेसिबल खाली गळतो. तबकडी वाजवणाऱ्या चांगल्या पिकअपमध्ये विलगता 25 ते 30 डेसिबल असते आणि तिच्या स्टिरिओला कोणी कोंदट म्हणत नाही. शिवाय प्लगपर्यंत चार तारा वेगळ्या आणल्या की साध्या जॅकवरही यातला बहुतेक फायदा मिळतो.

तरीही हा सगळा बनाव आहे असं मी म्हणणार नाही. यूएसबीमधून 5 व्होल्टच मिळतात. त्यात वरच्याच 300 ओहमच्या हेडफोनला 110 डेसिबलच्या शिखरापर्यंत न्यायला सुमारे 2.45 व्होल्ट लागतात. साधा जॅक 2 वर थांबत असेल तर ब्रिज हा तिथला प्रामाणिक उपाय आहे. 2014 च्या आसपास रूढ होऊ लागलेल्या 2.5 मिमीच्या नाजूक प्लगपेक्षा नंतर आलेला पाच संपर्कांचा 4.4 मिमीचा प्लग दणकटही आहे. माझा आक्षेप आहे तो 16 ओहमचा इअरफोन वापरणाऱ्याला केबल बदलायला लावून ‘दर्जा’ विकण्यावर.

हे घरी तपासता येतं. 60 हर्ट्झचा टोन वाजवायचा, हेडफोन जोडलेलाच ठेवायचा आणि मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या मल्टीमीटरने एकाच बाजूच्या दोन टोकांमध्ये मोजायचं. बॅलन्स्डला ग्राउंडपासून मोजलं तर निम्माच आकडा येतो आणि तुलना फसते. दोन्ही आउटपुट 1 टक्क्याच्या आत जुळले की फरक 0.1 डेसिबलहून कमी राहतो. मग अदलाबदल दुसऱ्याला करायला सांगायची.

मी माझी जुनी डबी आणि एक बॅलन्स्ड डोंगल 300 ओहमच्या हेडफोनवर 0.30 व्होल्टला असं जुळवून ऐकलं. वीस वेळा अदलाबदल करूनही मला कुठला कुठे ते ओळखता आलं नाही. मग 32 ओहमचा, 90 डेसिबल प्रति मिलिवॉटचा प्लॅनर (सपाट पडद्याचा) हेडफोन लावला. त्याला 110 डेसिबलसाठी 100 मिलिवॉट, म्हणजे शिखराला जवळपास 80 मिलिअ‍ॅम्पिअर करंट लागतो. डबीतला ऑप-अ‍ॅम्प 40 च्या आसपास हात टेकतो. पखवाजाच्या पहिल्याच जोरदार थापेला तो फाटला, डोंगलने ती थाप निभावली. हा फरक ऐकायला मल्टीमीटर लागला नाही.