तेंदूपाने संकलन (पूर्व विदर्भ)

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर व भंडारा जिल्ह्यांतील उन्हाळी वनमजुरी. तेंदू म्हणजेच टेंभुर्णी (संस्कृत 'तिंदुक'). उन्हाळ्याच्या तोंडी झुडपे छाटली की बिडीला लागणारी कोवळी, रुंद पाने फुटतात. मजूर पहाटेच रानात शिरतात. दुपारी ओसरीत म्हातारी-पोरे सगळी बसून 70 पानांचे एक अशी पुडकी बांधतात, संध्याकाळी ती फडीवर (पाने जमा करण्याच्या केंद्रावर) मोजून देतात. मजुरी शेकडा पुडक्यांवर ठरते. 1000 पुडक्यांची एक प्रमाण गोणी.

बिडीसाठी हे पान केव्हापासून वापरात आले, याबद्दल एकमत नाही. 1899 च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळामुळे जबलपूरकडे आलेल्या व्यापाऱ्यांना ते गवसले, असे सर्वसाधारणपणे सांगतात. त्याआधी गुजरातेत आपट्याचे पान वापरीत. ही हकिकत व्यापारी घराण्यांच्या आठवणींवर बरीचशी उभी आहे. पान सापडण्यापेक्षा त्याच्या व्यापाराचा आरंभ त्यातून कळतो, असे मानणे बरे.

1969 च्या राज्य कायद्याने हा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला आणि जंगलाचे घटक (पाने तोडण्यासाठी आखलेले भाग) लिलावाने कंत्राटदारांकडे जाऊ लागले. 1980 च्या दशकात गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी दराचा प्रश्न हाती घेतला. दरवाढीचे सारे श्रेय त्यांना देणारे मत प्रचलित आहे. पण बिडीच्या बाजारातील मागणी वगळून तसा निष्कर्ष काढता येत नाही. खरा पालट कायद्याने झाला. 1996 च्या पेसा कायद्याने (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामस्वराज्याचा कायदा) तेथील गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून इतर वनउत्पादनांची, मालकी ग्रामसभेकडे दिली, तर 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदूपान व बांबू यांची गणना गौण वनोपजात केली. 2013 च्या सुमारास काही ग्रामसभा स्वतःच लिलाव करू लागल्या. दर ऐकून घेणारा मजूर दर ठरवायला बसला, ही या भागाच्या श्रमिक इतिहासातील फार मोठी गोष्ट होय. बाजाराची चढउतार मात्र तेव्हापासून थेट गावाच्या अंगावर येते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने वेगळी वाट धरली. पानासाठी फांद्या तोडाव्या लागतात, वणवे लागतात, टेंभरे (तेंदूची फळे) धरत नाहीत, म्हणून सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने संकलनच थांबवले आणि बांबूवर भर दिला. हातची रोख मजुरी जंगलासाठी मजुरांनीच सोडल्याचे असे उदाहरण विरळा.

अवकाळी पाऊस व गारपिटीने पान डागाळते, हंगाम आखडतो. वाघांचा वावर असलेल्या तालुक्यांत पहाटेचे काम जिवावर बेतते. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्यानंतरही बाया रानात जातातच. खरिपाच्या बियाण्याला लागणारा पैसा याच पंधरा-वीस दिवसांत हाती येतो.