फॅन्टसी कादंबरी अर्धवट सोडणे

मोठ्या हौसेने हातात घेतलेली फॅन्टसी कादंबरी काही केल्या रंगत नाही म्हणून मध्येच कायमची मिटून टाकणे. ऑनलाइन वाचक याला डीएनएफ (डिड नॉट फिनिश, म्हणजे संपवलं नाही) म्हणतात.

पुस्तक कुठलंही सोडता येतं पण फॅन्टसी सोडणं जास्त जिवावर येतं, कारण पहिली शंभरेक पानं ती दुनिया शिकण्यातच जातात, नकाशा परत परत बघायचा, कुठलं घराणं कोणाच्या मुळावर उठलंय ते लक्षात ठेवायचं, मंत्र कधी चालतो नि कधी नाही ते समजून घ्यायचं, आणि एवढं करून कळतं की गोष्ट जागची हललेलीच नाही. त्यात तो सिरीजचा पहिला भाग असला की पुढच्या भागात रंगेल ही आशाही सुटत नाही. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली मांडलेल्या अभ्यासात नाटकाच्या सीझन तिकिटांवर प्रयोग केला होता, पूर्ण पैसे मोजलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा पहिल्या काही महिन्यांत जास्त नाटकं बघून आले. घातलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस चिकटून राहतो, इथे पैशांच्या जागी घातलेल्या रात्री असतात एवढंच.

अपेक्षाभंगाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे फुकटची जादू. हिरो कोपऱ्यात सापडला की आधी कुठेच न आलेली शक्ती अचानक जागी होते, आणि असं दोनदा झालं की पुढच्या संकटाची भीतीच वाटत नाही. गोव्यातल्या वाचकाला हे चटकन खटकतं कारण तो लहानपणापासून राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या दैवताच्या गोष्टी ऐकत आलेला असतो, तिथे हिशोब पक्का, रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) दिला तर राखण, मान चुकवला तर कोप. वेताळाला काही गावांत चामड्याच्या वहाणा वाहतात आणि रात्री गावभर फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. देवाचीसुद्धा पायताणं झिजतात, मग सातशे पानांत हिरोचं काहीच झिजत नसेल तर त्यात जीव कसा अडकणार?

अद्भुताचं वावडं म्हणून लोक ही पुस्तकं सोडतात असं मात्र अजिबात नाही. सुरुवातीच्या बऱ्याच मराठी कादंबऱ्या अद्भुतरम्यच होत्या, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची.

कधी सोडावं याला अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा हिशोब बऱ्यापैकी चालतो, पन्नाशीपर्यंत ५० पानं वाचून बघायची, त्यापुढे १०० मधून वय वजा करायचं, म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाला ३० पानं पुरे. जाडजूड फॅन्टसीला ५० पानं जरा कमीच पडतात, नकाशा आणि वंशावळीतच तेवढी संपतात, म्हणून निदान पहिलं मोठं संकट कसं सुटतं तेवढं बघून ठरवावं. पणजीत पाटो भागात सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ पासूनची, तिथून आणलेलं असेल तर सोडणं सोपं, मुदतीच्या आत परत केलं की झालं. विकत घेतलेला अख्खा सेट मात्र कपाटातच राहतो, पहिला भाग हाताळून मऊ झालेला नि बाकीचे कोरे करकरीत, आणि पावसाळ्यात त्यांनाही बुरशी लागतेच, त्यापेक्षा ज्याला आवडेल त्याला वेळेत देऊन टाकावा.