'फोटो पाठवूच नका' एवढ्यावर का भागत नाही? सेक्स्टिंगविषयीच्या सल्ल्याची पार्श्वभूमी

सेक्स्टिंग म्हणजे स्वतःचे नग्न किंवा अर्धनग्न फोटो फोनवरून पाठवणे. त्यावर मुलांना बहुतेकदा 'फोटो पाठवूच नका' एवढाच सल्ला मिळतो. 2000 साली जपानमध्ये शार्प कंपनीचा जे-एसएच04 हा फोन बाजारात आला. त्यावर काढलेला फोटो त्याच फोनवरून लगेच दुसऱ्याला पाठवता येत होता. त्याआधी रोल धुवायला द्यायचा म्हणजे तिसऱ्या माणसाची नजर आलीच, आणि त्या संकोचापायी बरेच खाजगी फोटो काढलेच जात नसत. हा अडसर गेला. पुढे स्मार्टफोन आणि समोरचा कॅमेरा आल्यावर फोटो काढणे आणि पाठवणे यांत काही सेकंदांचेच अंतर उरले. विचार बदलायला तेवढा वेळ पुरत नाही.

मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया घाबरण्याची होती. अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या एका शाळेत मुलींचे असे फोटो मुलांच्या फोनवर सापडले, तेव्हा सरकारी वकिलांनी बाल-अश्लीलतेच्या गुन्ह्याची धमकी दिली ती फोटोतल्या मुलींनाही. मुलांना शोषणापासून वाचवण्यासाठीचा कायदा त्याच मुलांवर उगारला गेला. पालक न्यायालयात गेले आणि 2009 मध्ये या कारवाईला स्थगिती मिळाली. पण मुलांनी त्यातून एक धडा घेतलाच: मोठ्यांना सांगितले तर आपणच अडकू.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने 12 ते 17 वयाच्या, मोबाइल असलेल्या मुलांना विचारले. असा फोटो मेसेजने पाठवल्याचे 4 टक्क्यांनी सांगितले, मिळाल्याचे 15 टक्क्यांनी. 2018 मध्ये 39 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात 1,10,380 जणांची माहिती होती. पाठवणारे 14.8 टक्के, मिळालेले 27.4 टक्के, आणि दुसऱ्याचा फोटो त्याच्या संमतीविना पुढे ढकललेले 12 टक्के. आमच्या मते यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. विश्वासाने पाठवलेला फोटो आणि तो ग्रुपवर टाकणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि दुसरीची जबाबदारी टाकणाऱ्याची आहे. 'तू पाठवलासच कशाला' हा पहिला प्रश्न या दोन्ही कृती एकत्र करून टाकतो.

मध्यंतरी आपोआप पुसल्या जाणाऱ्या फोटोंचा दिलासा आला. स्नॅपचॅट हे अ‍ॅप 2011 मध्ये सुरू झाले; पाहून झालेला फोटो नाहीसा होतो, असा त्याचा दावा होता. 2014 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हा दावा दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले: बाहेरच्या अ‍ॅपमधून मेसेज उघडला की फोटो कायमचा ठेवता येत होता. काही अ‍ॅप स्क्रीनशॉट अडवतात, पण दुसऱ्या फोनने पडद्याचा काढलेला फोटो तर आजही कुठलेच अ‍ॅप रोखू शकत नाही.

फोटो पसरू नये यासाठी खरी मदत हॅशिंग या तंत्रातून आली. फोटोचा जणू अंगठ्याचा ठसा असा एक सांकेतिक क्रमांक तयार होतो. सहभागी कंपन्या त्याच्याशी जुळणारा फोटो शोधून काढून टाकतात. मायक्रोसॉफ्टचे फोटोडीएनए हे तंत्र 2009 चे. 'स्टॉपएनसीआयआय' ही प्रौढांसाठीची सेवा 2021 अखेरीस आली, आणि वयाची 18 वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेल्या फोटोंसाठीची 'टेक इट डाउन' त्यानंतर. दोन्हींत ठसा आपल्याच फोनवर बनतो, फोटो कुणाकडे जात नाही. मर्यादाही आहेत: सहभागी नसलेल्या साइटवर आणि एन्क्रिप्टेड (कंपनीलाही वाचता न येणाऱ्या) खाजगी चॅटमध्ये याचा उपयोग होत नाही, आणि फोटो बराच कापला किंवा बदलला तर ठसा जुळेलच असे नाही.

2022 पासून पैशांसाठीच्या सेक्सटॉर्शनबद्दल, म्हणजे नग्न फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याबद्दल, एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने वारंवार इशारे दिले. यात बळी बहुतेक 14 ते 17 वयाचे मुलगे. अनोळखी 'मुलगी' ओळख वाढवते, फोटो मागते आणि काही तासांतच खंडणी सुरू होते. इथे चुका ठरलेल्या असतात: घाबरून पैसे देणे (मागणी वाढतच जाते) आणि लाजेपोटी सगळे चॅट पुसणे (पुरावा जातो). आधी युजरनेम, प्रोफाइलची लिंक, धमकीचे मेसेज आणि पैसे मागितलेला खाते क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. नग्न फोटोच्या नव्या प्रती मात्र करू नयेत. मग अ‍ॅपवर तक्रार, त्यानंतर ब्लॉक, आणि त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या व्यक्तीला सांगून पोलिसांत तक्रार. मुलाने सांगितले की त्याच क्षणी फोन काढून घेऊ नका; पुरावा त्यातच असतो, आणि पुढच्या वेळी ते मूल सांगणार नाही.

आता कपडे घातलेल्या साध्या फोटोवरूनही एआयने नग्न प्रतिमा बनते. ज्या मुलीने कधीच काही पाठवले नाही, तिला 'पाठवू नकोस' हा सल्ला काय कामाचा? अमेरिकेत मे 2025 मध्ये झालेल्या कायद्याने तक्रार आल्यापासून 48 तासांत अशी प्रतिमा काढण्याचे बंधन प्लॅटफॉर्मवर घातले. खरे फोटो आणि एआयने बनवलेले, दोन्ही त्यात येतात.