अ‍ॅल्युमिनियमची मासेमारी होडी : खान्देशातील निवड

अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याला रिबेट (पत्रे जोडणारे खिळे) मारून किंवा वेल्डिंग करून बनवलेली, साधारण ३ ते ५ मीटर लांबीची उघडी होडी. ती वल्ह्यावर, बांबूवर किंवा मागच्या फळीला अडकवलेल्या छोट्या इंजिनावर चालते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, ग्रुमन या अमेरिकी विमान कंपनीने विमानाच्या पत्र्याचे तंत्र हलक्या होड्यांसाठी वापरले आणि तिथून असल्या होड्यांचा प्रसार झाला. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, तिची निवड जरा अवघड होते. इथे उथळ नदी आणि मोठे पाणी या नेहमी दोन वेगळ्या जागा नसतात. पुष्कळदा पाणी एकच असते; ऑक्टोबरात ते मोठे असते आणि मे महिन्यात उथळ.

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किमी वाहून सुरतेच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. चांगदेवला तिला पूर्णा मिळते. पूर्णा वऱ्हाडातली काळी माती सोबत आणते, म्हणून भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे असले तरी मागे गाळ साचतच राहतो. वरून पाणी अफाट दिसते, पण बांबू टेकवत गेले की गाळाचे उंचवटे लागत जातात. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात तेही याच उथळ जागी. खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजमुळे, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्यांमुळे, पावसाळ्यानंतर तापीचे लांबट, संथ डोह तयार होतात. गिरणेचे गणित वेगळे. १९६९ मध्ये पूर्ण झालेले तिचे धरण नांदगाव तालुक्यात आहे आणि खाली चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडे पाणी येते ते आवर्तनाने. आवर्तन सुटले की नदी वाहते, बंद झाले की वाळू, खडक आणि मधले डोह उरतात. पांझरा, बोरी, अनेर यांचीही उन्हाळ्यात अशीच दशा होते. पश्चिमेला नवापूरकडे उकाईच्या (१९७२) फुगवट्याचे पाणी आहे. ते ओसरले की काठावर गाळपेर होते. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत सरदार सरोवराचे पाणी सातपुड्याच्या दऱ्यांत शिरले आहे. तिथे काठ उभा, तळ खोल, आणि होडी ही मासेमारीबरोबर जाण्यायेण्याचीही वाट आहे.

होडी निवडताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे भरलेली होडी पाण्यात किती बुडते. विकणारा रिकाम्या होडीचे माप सांगतो, ते जवळपास निरुपयोगी असते. हिशेब सोपा आहे. ४ मीटर लांब आणि तळाशी १.२ मीटर रुंद अशा सपाट तळाच्या होडीचे पाण्यावर टेकलेले क्षेत्र, पुढचा निमुळता भाग वजा करून, सुमारे ४ चौरस मीटर असते. म्हणजे दर ४० किलोमागे ती एक सेंटीमीटर खाली बसते. होडी ८० किलो, दोन माणसे १३०, इंजिन आणि पेट्रोल ४५, ओली जाळी ६०, मासळी आणि बर्फ ८५ : बेरीज ४०० किलो, आणि बुडाव १० सेंटीमीटर. हीच होडी व्ही आकाराच्या तळाची असली आणि त्या व्हीचा उतार १२ अंशांचा असला, तर त्याच वजनाला ती साधारण १६ सेंटीमीटर बुडते. फरक सहा सेंटीमीटरचा, चार बोटांहून कमी. पण गिरणेच्या वाळूवरून पातळ धार ओलांडताना याच फरकापायी होडीतून उतरून कमरेने ढकलावे लागते.

मग सगळ्यांनी सपाट तळच घ्यावा असे वाटेल. नदीवर ते बरोबरही आहे. सपाट तळ बांबूने ठेलता येतो, काठाला टेकवता येतो, आणि दोघांनी एका बाजूला वाकून जाळे ओढले तरी सुरुवातीला कलत नाही. त्याची उणीव वाऱ्यात कळते. तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरले आहे आणि मे-जूनपासून वारा पश्चिमेचा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्यासाठी. तापीवरच्या लांबट पाण्यात वाऱ्याला आडवे काहीच नसते. तो पाण्याच्या लांबीवरून धावतो आणि जितका लांब धावतो तितकी लाट वाढते. वारा उथळ पाण्यावरून आला तर लाट आखूड आणि उभी होते. अशा लाटेवर सपाट तळ आपटतो. प्रत्येक आपटीने रिबेट सैल होतात, माणसाची पाठ दुखते आणि पुढून पाणी आत येते. व्ही तळ लाट कापत जातो, पण संथ पाण्यात तो सपाट तळापेक्षा लवकर डुलतो.

म्हणून खान्देशातल्या बहुतेक मासेमारांसाठी मधला आकार बरा, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे : पुढचे टोक व्ही, मागचा दोनतृतीयांश भाग जवळजवळ सपाट, तळाची रुंदी १.२ मीटरपेक्षा कमी नाही, बाजूची उंची अर्धा मीटर आणि पुढचे टोक त्याहून वर. भरल्या होडीत काठ पाण्यापासून दीड वीत तरी वर राहिला पाहिजे. दोन टोकांना मात्र हे मत लागू नाही. जो फक्त गिरणा-पांझरेच्या डोहांत फेकजाळे टाकतो, त्याने बिनधास्त साडेतीन मीटरची सपाट होडी घ्यावी. तिचे वजन पन्नास-साठ किलोच्या घरात असते, दोघे उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकतात आणि डोह आटला की पुढच्या डोहाला नेतात. नर्मदेच्या पाण्यात, जिथे दरीतून वारा अचानक उतरतो आणि होडीत मासळीबरोबर माणसेही असतात, तिथे साडेचार मीटरपेक्षा लहान किंवा बसक्या काठाची होडी घेऊच नये.

अ‍ॅल्युमिनियमचा मोठा गुण म्हणजे त्याचे हलके वजन. २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला ५.४ किलो भरते, तेवढ्याच लोखंडी पत्र्याचे १५.७. मात्र अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या तिप्पट लवचिक असते, त्यामुळे पत्रा थोडा जाड हवा आणि आतून आडव्या पट्ट्या जवळजवळ हव्यात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ, होडीसाठी कुचकामी. मॅग्नेशियम मिसळलेले ५०५२ आणि ५०८३ हे मिश्रधातू पाण्यासाठी योग्य. दुसरा जास्त ताकदीचा आणि महाग. गोड्या पाण्याला पहिला पुरेसा आहे. दीड मिलिमीटरपेक्षा पातळ तळ दगडाळ पात्रात टिकत नाही. इथल्या उपनद्यांचा तळ काळ्या बेसाल्टचा आहे, धरणांच्या पाण्याखाली बुडालेली झाडे आहेत. तिथे फायबर तडकते आणि अ‍ॅल्युमिनियमला बहुधा पोचा येतो. पोचा आलेली होडी संध्याकाळी घरी येते.

रिबेटची होडी स्वस्त आणि हलकी असते; काही वर्षांनी सांधे पाझरू लागतात, पण सैल रिबेट ठोकून किंवा बदलून काम भागते. वेल्डिंगची होडी आतून गुळगुळीत असते, जाळे अडकत नाही, पत्राही जाड असतो. तिला चीर गेली तर आर्गन वेल्डिंगवाला शोधावा लागतो, आणि तो तालुक्याच्या गावी असेल तर असेल. नेहमीच्या लोखंडी वेल्डिंगच्या दुकानात अशी होडी कधीही देऊ नये. पत्र्याला भोक पडूनच ती परत येते.

उन्हाचा विचार परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही, इथे तो करावाच लागतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि उघड्यावरचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. पहाटे आणि दुपारी पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ४ मीटर लांबीचा पत्रा साडेतीन मिलिमीटरहून अधिक वाढतो. रोजच्या या वाढण्या-आखडण्याने रिबेटचे सांधे ढिले होतात. होडी झाडाखाली उपडी ठेवावी, नाहीतर निदान ओल्या गोणपाटाने झाकावी, आणि पाण्यात उतरल्यावर गोणपाट काढून घ्यावे, कारण सतत ओला कपडा लागून राहिला की पत्र्याला बारीक खड्डे पडतात. बसायच्या फळ्या लाकडी किंवा रबरी चटईच्या असाव्यात. चटईचा दुसरा फायदा आवाजाचा. पत्र्यावर वल्हे आपटले की तो खणखणाट पाण्यातून दूरवर जातो आणि मासा सटकतो.

गंजत नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियम घेतले जाते, पण त्याचे शत्रू निराळे आहेत. पितळी किंवा तांब्याचा स्क्रू ओल्या पत्र्यात बसवला की त्याभोवतीचा पत्रा खाल्ला जातो. स्टेनलेसचा स्क्रू नायलॉनच्या वॉशरसह बसवावा. ओले सिमेंट आणि चुना त्याला चालत नाही. रावेर-यावलकडे होडी नेणारा टेम्पो आदल्या दिवशी केळीचे खत घेऊन गेलेला असतो. सांडलेले म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडचे मीठच, आणि दमट हवेत तेही पत्र्याला भोके पाडते. टेम्पो धुऊन घ्यायला दहा मिनिटे लागतात.

इंजिनाबाबत थोडक्यात : ४ मीटरच्या होडीला ५ ते १० अश्वशक्ती पुरते. मागच्या फळीची उंची आणि इंजिनाच्या दांड्याची लांबी जुळली पाहिजे. आखूड दांडा सुमारे ३८ सेंटीमीटरचा, लांब ५१ चा. आखूड फळीवर लांब दांडा बसवला की पंखा वाळूत घुसतो. होडी १० सेंटीमीटर बुडत असली तरी पंखा त्याच्या बराच खाली असतो, हे खरेदीच्या वेळी सुटते. म्हणून उथळ जागी इंजिन वर उचलून बांबू हाती घेण्याची सवय हवी. गढूळ पाण्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाची रबरी चक्री लवकर झिजते. जादा चक्री जवळ ठेवावी.

जाळ्यासाठी काठावर रबरी नळी उभी चिरून बसवावी आणि आतली रिबेटची टोके घासून घ्यावीत, नाहीतर फासाचे जाळे दर खेपेला फाटते. हौशी गळ टाकणाऱ्यांसाठी बनवलेल्या होडीत उंच फळ्या आणि गालिचा असतो. उंच फळीवर उभा माणूस कलतो आणि गालिचा ओला राहतो. जाळ्याच्या माणसाने तशी होडी टाळावी.

अ‍ॅल्युमिनियम पाण्यात बुडते, हे सांगूनही लोकांच्या लक्षात राहत नाही. पाणी भरलेली होडी तरंगती ठेवायला बाकांखाली फोम लागतो. दोन माणसांच्या होडीला शंभर-सव्वाशे लिटर तरी हवा. तो थर्माकोलचा असेल तर सांडलेले पेट्रोल त्याला विरघळवून टाकते आणि बाक आतून पोकळ होते, बाहेरून काहीच कळत नाही. बंद छिद्रांचा फोम मागावा. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालाही. पोहणारे बुडतात ते अंगात कपडे आणि पायात जाळे गुंतल्यामुळे.

जुनी होडी घेताना ती ठोकळ्यांवर नीट टेकवून आत चार-पाच घागरी पाणी ओतावे आणि खालून पाहावे. पाझर कुठे आहे ते पाणीच दाखवते. मागच्या फळीतले प्लायवूड अंगठ्याने दाबून पाहावे. दबले तर इंजिनासह फळी निघून येण्याची वेळ जवळ आली आहे. एम-सीलचे थर दिसले तर भाव पाडण्यापेक्षा होडीच सोडावी.

धरणांत मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून होडी घेण्याआधी संस्थेत विचारणे शहाणपणाचे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत (२०२०) वैयक्तिक लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अर्थसाहाय्य आहे. इंजिनाच्या होडीला अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ लागू होऊ शकतो.

होडी घरी आली की पहिल्या दिवशी नेहमीचे सगळे ओझे आणि माणसे घेऊन ती संथ डोहात उभी करावी आणि पाणी जिथे लागते तिथे बाहेरून ठळक रेघ मारावी. पुढे कोणी जास्तीची टोपली चढवू लागला, तर ती रेघ पाण्याखाली गेलेली काठावरच्या सगळ्यांना दिसते.